माहेरचं नाव

"आजी, पॅनवरचं नाव आता कशाला बदलताय? रिटर्न तर सुनीता नावानं व्यवस्थित भरला जातोय की," सीएच्या ऑफिसातली मुलगी म्हणाली.

"फी देतेय ना? मग भर फॉर्म."

तिला काय सांगू? माझं नाव जुनाट वाटलं, म्हणून लग्नात नवऱ्यानं ताटातल्या तांदळावर अंगठीनं सुनीता लिहिलं. आई-वडिलांनंतर मला वत्सला म्हणणारा एकटा दादाच उरला होता. नवऱ्यामागोमाग तोही गेला. मूलबाळ नाही. गॅझेटमध्ये माहेरचं नाव छापून आणलं, अर्ज केला आणि नव्या कार्डाची वाट बघत बसले.

आज दुपारी जिन्यात पोस्टमनचा खणखणीत आवाज घुमला, "वत्सला खांबेटे!"

मी धावत दाराशी गेले. कडीला हात घातला, पण ती काढवेना. अजून एकदा ऐकावंसं वाटलं.

"वत्सला खांबेटे आहेत का घरात?"

मी दाराला कान लावला. एवढ्यात समोरचं दार उघडलं. "अहो, या नावाचं इथं कुणीच राहत नाही," माझी सख्खी शेजारीण त्याला सांगत होती.

पावलं जिना उतरू लागली, तशी मी दार उघडून जिवाच्या आकांतानं ओरडले, "अहो, थांबा! मीच वत्सला!"