साखरपुड्याचा पेढा

पेढा तोंडात जाताच नवऱ्या मुलाने तोंड वाकडं करायचं आणि सगळ्यांनी हसायचं, अशी आता साखरपुड्याची रीत होती. लहानपणीच लस टोचलेली असल्यामुळे हा पेढाच काय, फ्रुक्टोजचं सिरप घातलेलं काहीही सगळ्यांना कारल्यासारखं कडू लागायचं. केतकीच्या बाबांच्या वेळी ही लस नव्हती. बाटल्यांमधली सरबतं पिऊन पिऊन त्यांचं यकृत चाळिशीच्या आतच निकामी झालं होतं.

केतकीने निरंजनला पेढा भरवला. त्याने तो सावकाश चघळला, डोळे मिटून गिळला. तोंड वाकडं झालंच नाही.

"बघा, किती जीव आहे पोरीवर! एवढं कडूसुद्धा हसत गिळलं," आत्या कौतुकाने म्हणाली. टाळ्या पडल्या. केतकीची आई मात्र टाळ्या वाजवत नव्हती.

केतकीला काहीच समजेना. हे खरंच प्रेम होतं? की भिडेपोटी सोसलं त्याने? लसीचा असर उतरवून देणारे लोक शहरात आहेत, असं तिने ऐकलं होतं. पण निरंजन?

तेवढ्यात तो फोटोसाठी जवळ सरकला आणि तिच्या कानाशी पुटपुटला, "अजून एक दे ना. कुणाला कळणार नाही."