माहेरची कावीळ
“पुन्हा हिचा कप आपल्यात मिसळला! सतरांदा सांगून झालं, पण ऐकेल तर शपथ,” सासूबाई मोरीपाशी पुटपुटल्या. पुटपुटल्या म्हणजे, भिंतीपलीकडच्या शेजारणीला ऐकू जाईल एवढंच.

सून कपडे शिवायच्या कारखान्यात होती. तिथे हौसेनं रक्तदान केलं आणि कळलं, हिपॅटायटिस बी. डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं होतं. कपबशीनं, मांडीवर घेतल्यानं हे पसरत नाही. रक्तातून पसरतं, नवराबायकोत पसरतं. मुलीला जन्मताच लस मिळालीय, तिची काळजी नको. घरातल्या सगळ्यांचं रक्त मात्र तपासून घ्या. सासूबाईंनी त्यातलं ‘पसरतं’ तेवढं उचललं आणि आजाराचं बारसंही केलं. माहेरची कावीळ! “दागिना नाही आणला, आजार तेवढा घेऊन आली,” असं येईल त्याला सांगत होत्या.

आज तर हद्द झाली. चिमीचे फ्रॉक बॅगेत भरले होते. पोरीची रवानगी आत्याकडे, किती दिवस ते कुणी बोलत नव्हतं. चिमी आईच्या मांडीकडे धावली, तशी आजीनं तिला दंडाला धरून मागे ओढलं. पोरगी कळवळली.

सुनेनं नवऱ्याकडे पाहिलं. तो ओट्याला टेकून उभा. आईनं रोजच्यासारखी त्याची पित्ताची गोळी हातावर ठेवली, रिकाम्या पोटी घ्यायची ती. स्वतःचा उष्टा पेला पुढे केला. त्यानं गोळी गिळली. त्याआधी मूग गिळलेले होतेच. त्या खाली घातलेल्या मानेची तिला भयंकर चीड आली.

तिनं बॅग उचलली आणि उलटी केली. फ्रॉक जमिनीवर पसरले.

“चला, चपला घाला सगळ्यांनी. आधी सगळ्यांचं रक्त तपासू. मग बॅग कुणाची भरायची ते ठरवू.”

“आमचं कशाला गं? आम्हाला काय धाड भरलीय?” सासूबाई कडाडल्या. “या घरात सात पिढ्यांत कुणाला...”

“आई, पुरे.”

नवऱ्याचा आवाज इतका बारीक होता, की चिमीही रडायची थांबली. बायकोकडे बघायचं धाडस त्याला झालं नाही.

“लग्नाआधी डॉक्टरांनी मला हाच आजार सांगितला, तेव्हा शेजारच्या खुर्चीवर तूच बसली होतीस.”