साखरेची जागा

"अगं, सुट्टीतसुद्धा चूल फुंकायची हौस? हॉटेलात चार दिवस राणीसारखी आयतं खा की!" नवऱ्याने परोपरीने विनविले.

"मला स्वयंपाकघर असलेलं घरच हवं," बायको हटून बसली. अखेर त्याने हात टेकले, आणि सासूबाईंसह तिघांनी चार दिवसांसाठी भाड्याच्या घरात मुक्काम ठोकला. बॅगा उघडण्यापूर्वीच तिने तेथील यच्चयावत बरण्या स्वतःच्या मर्जीने मांडून टाकल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई चहा करावयास उठल्या.

"सूनबाई, साखर कुठे ठेवलीस गं?"

अकरा वर्षांच्या संसारात हा प्रश्न सदैव तिनेच त्यांना विचारला होता. पांघरुणात लोळत पडलेल्या सुनेचे हसू गालांत मावेना.

"आई, पुन्हा एकदा विचारा ना!"