पासष्ट हजार पाचशे पस्तीस

बायकोला ऑपरेशनसाठी आत नेलं आणि गवंडी मेस्त्रीचा जीव टांगणीला लागला. दर दोन मिनिटांनी उठायचा, दार ढकलायचा. “सिस्टर, झालं का?” शेवटी सिस्टर वैतागली. “काका, आता परत आलात तर गेटाबाहेर बसवीन!”

पोरगी आपली शेजारी पुस्तकात डोकं घालून बसलेली. उद्या तिचा मायक्रोप्रोसेसरचा पेपर. हिच्या छातीत काळीज आहे की वीट, मेस्त्रीला कळेना.

“काय वाचतेस गं एवढं?”

“प्रोसेसरला वाट बघायला कशी लावायची ते. त्याला नुसतं बसून राहता येतच नाही, बाबा. मग प्रोग्रॅममध्ये त्याच्या हाती एक मोठा आकडा द्यायचा आणि सांगायचं, यातून एकेक कमी करत बस. शून्य आलं की पुढच्या कामाला लाग.”

“मोठा म्हणजे केवढा?”

“पासष्ट हजार पाचशे पस्तीस. त्याहून मोठा त्याच्यात मावत नाही.”

मेस्त्रीनं डोळे मिटले आणि ओठ हलवायला लागला. तासभर जागचा हलला नाही. शेवटी सिस्टरच दारातून डोकावून गेली, काका धड आहेत ना बघायला.

“बाबा, कुठवर आलात?”

“त्रेसष्ट हजार सातशे बारा. मध्ये बोलू नकोस, चुकेन.”

“बरं. मी बासष्ट हजार चाळीसवर आहे.”

मेस्त्रीनं डोळे उघडले. “तू कधी सुरू केलंस?”

“आईला आत नेलं तेव्हाच.”