तण्हा

विहारातल्या धम्मवर्गाला देवळेकाका आज पहिल्यांदाच आले होते. पुस्तकं पुष्कळ वाचलेली, पण चारचौघांत तोंड उघडायचं म्हटलं की घाम फुटायचा. कोणी हसलं तर पुन्हा इथे पाऊल टाकायचं नाही, असं ठरवूनच ते भिंतीपाशी बसले.

"दुःखाचं मूळ काय?" भंतेजींनी विचारलं. तेवढ्यात त्यांना ठसका लागला. खोकतखोकतच त्यांनी उत्तर दिलं, "तण्हा!"

काकांना ऐकू आलं 'तहान'. ते लगबगीनं उठले आणि माठातलं पाणी आणून त्यांच्यापुढे धरलं.

"अहो काका, ते पाली आहे! तण्हा म्हणजे हाव!" मागून एक बाई म्हणाल्या आणि सगळा वर्ग हसत सुटला. काका पेला मागे घेणार, तोच भंतेजींनी तो धरला.

भंतेजी सगळं पाणी प्यायले. "पालीतली तण्हा म्हणजेच मराठीतली तहान. काकांनी अर्थ बरोबर लावला, वर माझी भागवलीसुद्धा!"

काकांना धीर आला. "भंतेजी, पुढच्या रविवारीही यावंसं वाटतंय. हीसुद्धा तण्हाच ना? मग सोडायची का?"

"ही असू द्या."

"या हो काका, माठ भरून ठेवते!" त्याच बाई ओरडल्या. वर्ग पुन्हा हसला, आणि सगळ्यांत मोठ्यानं काका.