शिवेवरची व्याहीभेट

उजनीच्या पाण्यात गावाची शीव कधीच बुडाली, पण व्याहीभेट शिवेवरच व्हायची ही रीत काही बुडाली नाही. म्हणून दोन्हीकडच्या होड्या भर पाण्यात समोरासमोर येऊन थांबल्या, त्या थांबल्याच.

"पोरीच्या बापानं वाकायचं दिवस गेलं. त्येनी यावं पुढं," म्हणत जोतीरामआबांनी वल्ही आत घेतली.

"वरबापाला सामोरं यायची रीत हाय!" पलीकडून सोपानतात्या गरजले आणि त्यांनीही वल्ही आत घेतली.

मुहूर्त टळायची वेळ आली. आबांच्या मागं बसलेल्या नवरीनं, स्वरूपानं, मुंडावळ्या बाजूला सारल्या आणि होडीतला दोर नवरदेवाकडं भिरकावला. ऋषिराजनं तो झेलून, "नुसता धरून बसा," म्हणत तात्यांच्या हातात दिला.

इकडं स्वरूपा बापाला म्हणाली, "आबा, तुमी नगा जाऊ. हितंच बसा अन् दोर वढा. त्येच येत्यात का न्हाय बघा."

आबांना हे पटलं. त्यांनी मिशीला पीळ देऊन दोर ओढला. होड्या एकमेकींना टेकल्या, व्याही उराउरी भेटले, काठावर हलगी कडाडली.

"आणलं का न्हाय वढून?" आबा लेकीच्या कानाशी लागले.

"नुसता दोर धरून बसलो, तर आलं का न्हाय व्याही?" तिकडं तात्या लेकाला म्हणाले.

ओढणारा एकच असला तरी होड्या दोन्ही सरकतात, हे त्या गर्दीत नवरा-नवरी दोघांनाच ठाऊक होतं. दोघंही बारामतीच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. त्यांनी एकमेकांकडं पाहून ओठ घट्ट मिटले. अक्षता पडायच्या आधीच त्यांच्या संसारातलं पहिलं गुपित ठरलं होतं.