रिकामा समुद्र

कड्यावरच्या टेहळणीच्या खोपटात सेराफिम दुर्बिणीला डोळे लावून बसला होता. व्हेलचा फवारा त्याच्या नजरेतून कधी सुटला नाही, हे सारं पिको बेट छाती ठोकून सांगे. खाली व्हेल बघायला आलेल्या पर्यटकांना नावेत बसवून त्याची लेक खोळंबली होती. रेडिओ खरखरला. "बाबा, दिसतंय का काही?" दिसत होतं. एक मादी, आणि तिच्या कुशीला नुकतंच जन्मलेलं पिल्लू. शिकारीच्या काळात अशीच एक माय त्याने हेरली होती. इशाऱ्याचा दारूचा बाण आभाळात उडवताच गडी शेतं टाकून होड्यांकडे धावले. मेलेल्या आईला ओढून आणलं, तेव्हा तिचं पिल्लू पार धक्क्यापर्यंत मागोमाग आलं होतं. "बाबा! झोपलात की काय? चांगलं नाव काढलंत हो आज!" "समुद्र रिकामा आहे, पोरी. डोळे गेले बघ माझे," तो म्हणाला, आणि दुर्बिणीतून नजर न हलवता रेडिओ बंद केला.